एका नदीचे नऊ भाऊबंद: ऱ्हाईन खोऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णाकाठच्या गावांत नदीवर बोलायला गेलं की गप्पांची गाडी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते. धरण एका राज्यात, पाणी दुसऱ्याच्या दारात, मग या दोघांनी एकमेकांशी बोलायचं कधी? अशा वेळी मी ऱ्हाईनचं उदाहरण देतो आणि नव्या प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

जगात एवढ्या नद्या असताना ऱ्हाईनच का?

दोन किंवा अधिक देशांतून वाहणाऱ्या नद्यांची जगात तीनशेहून अधिक खोरी आहेत. ऱ्हाईन त्यांत मोठी नाही. लांबी सुमारे १,२३० किलोमीटर, म्हणजे आपल्या कृष्णेपेक्षा कमी. खोरं साधारण १,८५,००० चौरस किलोमीटर. कृष्णेचं जवळपास २,५९,०००. पण एवढ्याशा खोऱ्यात नऊ देश येतात: स्वित्झर्लंड, इटली, लिश्टनस्टाइन, ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग, बेल्जियम आणि नेदरलँड्स. सुमारे सहा कोटी लोक खोऱ्यात राहतात आणि त्यांतले निम्मे या नदीचं पाणी पितात. काठावर रसायनांचे कारखाने, पात्रात मालवाहू जहाजांची रांग.

ही नदी पन्नास वर्षांपूर्वी ‘युरोपचं गटार’ म्हणून ओळखली जायची. ज्यांनी ती घाण केली त्यांनीच ती पुष्कळशी साफ केली, आणि त्याआधी ते तीसेक वर्षं नुसते भांडत होते. आपल्या उपयोगाची गोष्ट म्हणजे ही भांडणाची वर्षं.

ते युरोपातले लोक. त्यांचं आपसात पटतंच. आपल्याशी काय तुलना?

हा प्रश्न ऐकला की मला हसू येतं. फ्रान्स आणि जर्मनी १८७० ते १९४५ या काळात तीनदा युद्धाला भिडले, आणि ऱ्हाईनचा काठ ही त्या भांडणातली सीमाच होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात तर सीमेवरच्या ऱ्हाईनची वीज फ्रान्सने स्वतःकडे घेतली. नदी संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग ११ जुलै १९५० रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये स्थापन झाला तेव्हा युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि जर्मनीतली शहरं अजून ढिगाऱ्यांत होती.

पुढाकार नेदरलँड्सचा होता, कारण तो सगळ्यांच्या खाली. वरच्या सगळ्यांची घाण त्याच्या दारात येत होती. वरच्याला घाई नसते, खालच्याला असते. हे आपल्याकडच्या पाटाच्या पाण्यालाही लागू आहे. शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारा.

बोलण्याची सवय मात्र त्याहून जुनी. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाईनवरच्या जहाज वाहतुकीसाठी मध्यवर्ती आयोग ठरला. पुढच्याच वर्षी त्याची पहिली बैठक झाली, आणि तो आजही स्ट्रासबर्गमधून चालतो. जगातली सर्वांत जुनी चालू आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. व्यापाराच्या निमित्ताने बसलेली सवय पुढे पाण्याच्या कामी आली.

आयोग झाला आणि नदी साफ झाली, असंच ना?

अजिबात नाही. पहिली तेरा वर्षं तर आयोगाला धड कायदेशीर आधारही नव्हता. तो १९६३ च्या बर्न करारातून मिळाला. एवढी वर्षं तज्ज्ञ एकच काम करत होते: पाण्याचे नमुने कुठे घ्यायचे, कसे घ्यायचे, कोणत्या पद्धतीने तपासायचे, हे एकमताने ठरवणं. लोकांना हा वेळकाढूपणा वाटत होता. माझं मत उलटं आहे. पुढे जे काही झालं ते या कंटाळवाण्या कामामुळे झालं. तुमचा आकडा खरा की माझा, या वादात बैठक वाया जाणं थांबलं की मगच खऱ्या वादाला सुरुवात होते.

मोजण्यात एवढं काय अवघड आहे?

या प्रश्नाचं उत्तर मी तीन किश्शांत देतो.

पहिला किस्सा: ऱ्हाईनची लांबी कितीतरी वर्षं कोशांत आणि पाठ्यपुस्तकांत १,३२० किलोमीटर छापली जात होती. २०१० मध्ये एका जर्मन अभ्यासकाच्या लक्षात आलं की कधीतरी कुणाकडून आकड्यांची अदलाबदल झाली असावी, १,२३० चे १,३२०. नव्वद किलोमीटरची नदी कागदावर वाढली आणि सगळे एकमेकांचं बघून उतरवत राहिले.

दुसरा लाउफेनबुर्गचा. हे गाव नदीने दुभागलेलं आहे, एक काठ जर्मनीत, दुसरा स्वित्झर्लंडमध्ये. २००३ मध्ये दोन्ही बाजूंनी पूल बांधत आले. समुद्रसपाटी म्हणजे नेमकी कुठली सपाटी, हे दोन्ही देशांत वेगळं आहे. जर्मनी उत्तर समुद्र धरते, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्र, आणि दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक पडतो. हा फरक अभियंत्यांना माहीत होता. त्यांनी तो हिशोबात धरलाही, पण उलट्या दिशेने. दोन टोकं समोरासमोर आली तेव्हा एक बाजू ५४ सेंटीमीटर वर होती. दोन्ही देश हुशार, श्रीमंत, शिस्तीचे, आणि तरीही हे झालं.

तिसरा कौब या गावचा. तिथली पाणीपातळी म्हणजे ऱ्हाईनवरच्या जहाजवाल्यांची नाडी. ऑक्टोबर २०१८ च्या दुष्काळात ती २५ सेंटीमीटरवर उतरली. आपल्याकडे बातमी वाचून मला कुणीतरी विचारलं, ‘वीतभर पाण्यात जहाज चालतं कसं?’ चालत नाही. मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाला नसतो, तो आधी ठरवलेल्या एका उंचीवर असतो. जहाजाच्या वाटेत त्याहून साधारण मीटरभर जास्त पाणी होतं. पातळी किती हे ऐकलं की शून्य कुठे हेही विचारायचं.

१९८६ मध्ये नेमकं काय घडलं?

१ नोव्हेंबरच्या पहाटे बासेलजवळ श्वाइट्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत सुमारे १,३५० टन रसायनं होती, बरीचशी शेतीची कीटकनाशकं. अग्निशामक दलाने पाण्याचा मारा केला, आग विझली. पण ते हजारो घनमीटर पाणी विष घेऊन थेट नदीत उतरलं, कारण ते अडवायला जागाच नव्हती. एका रंगद्रव्यामुळे नदी लाल झाली. खाली जवळपास ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. अंदाज दीड लाखाचा आहे. खालच्या गावांना पिण्यासाठी नदीचं पाणी उचलणं थांबवावं लागलं.

लोकांचा राग दोन गोष्टींवर होता. एक, खालच्या देशांना अधिकृत खबर उशिरा पोचली. दुसरी म्हणजे वेळच तशी होती. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेला जेमतेम सहा महिने झाले होते. बासेलच्या भिंतींवर चेर्नोबिल आणि बासेल यांचा एक शब्द करून घोषणा रंगवल्या गेल्या.

मंत्री पंधरा दिवसांच्या आत एकत्र बसले. वर्ष पुरं व्हायच्या आत, १९८७ मध्ये, ऱ्हाईन कृती कार्यक्रम मंजूर झाला. विषारी पदार्थांचं नदीत जाणं १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायचं, कारखान्यांची सुरक्षा वाढवायची, आणि २००० पर्यंत सालमन मासा नदीत परत आणायचा. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत निम्म्याचं उद्दिष्ट ओलांडलं गेलं. नायट्रोजनचं मात्र जमलं नाही, कारण तो कारखान्याच्या नळीतून न येता शेताशेतांतून झिरपत येतो. त्याला पकडणार कुठे? उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे मोठी दुर्घटना झाल्याशिवाय कुणी शहाणं होत नाही?

अर्धं खरं. दुर्घटना आपल्याकडेही होतात. पंचगंगेत मळीचं पाणी उतरतं, मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात, दोन दिवस फोटो फिरतात, नोटिसा निघतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फरक इतकाच, की १९८६ मध्ये आग लागली तेव्हा तिकडे कित्येक वर्षांचे नमुने तयार होते, प्रयोगशाळा एकमेकांना ओळखत होत्या, कुणाला फोन करायचा ते माहीत होतं. राग आला तेव्हा त्याला वाट काढून द्यायला व्यवस्था हजर होती.

आगीनंतर धोका-सूचनेची साखळी घट्ट केली गेली. नदीकाठी ठरावीक सूचना केंद्रं आहेत. वरच्या केंद्राने काही सांडल्याची खबर दिली की विषाची लाट कुठे किती तासांनी पोचेल याचं गणित मांडता येतं आणि खालचे पाणीपुरवठावाले त्याआधी आपले पंप बंद करतात. बासेलच्या खाली वाइल आम ऱ्हाईन इथे तपासणी केंद्र आहे, ते जर्मनी आणि स्वित्झर्लंड मिळून चालवतात. एकच नमुना, एकच यंत्र, दोघांचाही विश्वास.

मिठाच्या करारात खालच्या देशाने वरच्याला पैसे दिले म्हणतात. हा कुठला न्याय?

न्याय नाहीच, तडजोड आहे. फ्रान्सच्या अल्सेस भागातल्या पोटॅशच्या खाणी उरलेलं मीठ नदीत सोडत होत्या. खाली नेदरलँड्समध्ये काचघरांत फुलं-भाज्या पिकवणाऱ्यांचं त्याने नुकसान होत होतं. १९७६ मध्ये बॉनला करार झाला: फ्रान्सने मीठ कमी करायचं, पण खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के आणि ज्याचं नुकसान होत होतं त्या नेदरलँड्सने ३४ टक्के. सर्वांत मोठा वाटा बळी पडणाऱ्याचा!

डच लोकांनी हिशोब मांडला की न्यायाची वाट बघण्यापेक्षा पैसे देणं स्वस्त. ऐकायला कडू आहे, पण भावकीतल्या विहिरीचा गाळ काढताना जास्त पैसे कोण घालतो? ज्याचं पीक वाळतंय तो. तरीही करार अमलात यायला १९८५ उजाडलं, आणि त्यानंतर उरलेल्या पैशांच्या हिशोबावरून फ्रान्स आणि नेदरलँड्स थेट लवादापर्यंत गेले. निकाल २००४ मध्ये लागला. तोवर खाणीही बंद पडल्या होत्या.

याच प्रकरणाची दुसरी बाजू मला जास्त आवडते. रॉटरडॅमकडच्या एका रोपवाटिकेने खाणीवर दावा लावला. दावा कुठे चालवायचा, फ्रान्समध्ये की नेदरलँड्समध्ये? १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नुकसान जिथे झालं तिथेही दावा लावता येईल. सरकारं वाटाघाटींत अडकली होती तेव्हा एका रोपवाटिकेने सीमेपलीकडच्या कंपनीला आपल्या गावच्या कोर्टात उभं केलं.

न ऐकणाऱ्या देशाला आयोग काय शिक्षा करतो?

काहीही नाही. त्याच्याकडे पोलीस नाहीत, दंड करण्याचा अधिकार नाही. कोब्लेन्झमधलं सचिवालय डझनभर माणसांचं आहे. निर्णय एकमताने होतात आणि बऱ्याच गोष्टी शिफारशीच्या स्वरूपात असतात. पण कुणी किती केलं याचे अहवाल सगळ्यांसमोर येतात, आणि शेजाऱ्यांसमोर मान खाली घालायला कुठल्याच सरकारला आवडत नाही. त्याच्या जोडीला युरोपीय संघाचे पाण्याचे कायदे आहेत, ते मात्र बंधनकारक आहेत. आयोग एकटाच हे सगळं करतो असं समजू नये.

एक छोटी गोष्ट मला फार सूचक वाटते. या सचिवालयाचा प्रमुख प्रथेने डच माणूस असतो. सगळ्यांत खालच्या देशाचा. नदीचं वाईट झालं तर सगळ्यांत आधी ज्याला कळेल, किल्ली त्याच्याच हातात.

सालमन माशाचं एवढं कौतुक कशाला?

कारण आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, मासा राहतो. सालमन समुद्रातून उलटा पोहत डोंगरातल्या ओढ्यांपर्यंत जातो आणि तिथे अंडी घालतो. त्यासाठी पाणी स्वच्छ हवं, वाटेतली धरणं ओलांडता यायला हवीत. म्हणजे एकाच माशात सगळ्या देशांची परीक्षा. १९५० च्या दशकात तो नाहीसा झाला होता. १९९० मध्ये जर्मनीतल्या झीग या उपनदीत पुन्हा दिसला. इफेझहाइमच्या धरणावर २००० मध्ये माशांसाठी जिना बांधला, मग गाम्बसहाइम, मग स्ट्रासबर्ग. समुद्राच्या तोंडाशी नेदरलँड्सने हारिंगव्लीट बंधाऱ्याचे दरवाजे २०१९ पासून किलकिले ठेवायला सुरुवात केली. बासेलपर्यंतची वाट मात्र अजून पूर्ण मोकळी नाही. ‘सालमन २०००’ अशी घोषणा होती, आणि २००० होऊन पाव शतक उलटलं.

पुराचं सांगा. आम्हाला त्यातच रस आहे.

सांगलीत आयर्विन पुलाशी पावसाळ्यात उभं राहिलं की हा प्रश्न का येतो ते कळतं. पुलाजवळ फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. ४० फूट इशारा, ४५ धोका. रात्री दोन वाजता माणसं बॅटरीच्या उजेडात तो आकडा बघतात आणि घरी फोन करतात, ‘अजून अर्धा फूट चढलंय, फ्रिज वर घ्या.’ २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

ऱ्हाईनवर पुराची चूक माणसांनीच केली होती. १८१७ पासून नदी सरळ करायला घेतली, वळणं कापली. मग १९५५ ते १९७७ या काळात वरच्या टप्प्यात एकामागून एक वीज धरणं झाली आणि पूर पसरायला असलेली कुरणं गेली. परिणाम असा की बासेलहून कार्ल्सरूएपर्यंत यायला पुराच्या लाटेला पूर्वी ६५ तास लागायचे, ते ३० वर आले. पाणी लवकर आलं आणि उपनद्यांच्या पाण्याला नेमकं गाठू लागलं.

डिसेंबर १९९३ मध्ये आणि लगेच जानेवारी १९९५ मध्ये मोठे पूर आले. दुसऱ्या वेळी नेदरलँड्समध्ये अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर १९९८ मध्ये पूर कृती आराखडा ठरला. त्यातलं एक उद्दिष्ट अंदाजाची मुदत दुप्पट करायचं होतं, आणि ते २००५ पर्यंत गाठलं. नेदरलँड्सच्या वेशीवर दोन दिवस आधी कळायचं, तिथे चार दिवस मिळू लागले. धरण न बांधता, कुणाची जमीन न घेता, केवळ माहिती वेळेवर पुढे देऊन. नुकसानीचा धोका २५ टक्के कमी करायचा होता, तेही जमलं. अतिपुराची पातळी ७० सेंटीमीटरने खाली आणायची होती, ते मात्र जमलं नाही, कारण त्यासाठी जमीन लागते आणि जमीन द्यायला तिकडचा शेतकरीही सहजासहजी तयार होत नाही.

फ्रान्सच्या काठावर एर्श्टाइन इथे पूर साठवायचा पोल्डर, म्हणजे बांध घातलेली सखल जमीन, आहे. तो भरतो फ्रान्सच्या जमिनीवर, वाचतात खालची जर्मन गावं. दोन देशांच्या कराराने ठरलंय, कधी उघडायचा ते.

म्हणजे आता तिथे पुरात माणसं मरत नाहीत?

मरतात. जुलै २०२१ मध्ये ऱ्हाईनच्या आहर या छोट्या उपनदीला रात्रीत पूर आला. त्या आठवड्यात जर्मनीत १८० हून अधिक लोक गेले, त्यांतले बहुतेक आहरच्या दरीत. अंदाज होता, पण इशारा घराघरांत पोचला नाही. मुख्य नदीवर सात दशकं काम झालं होतं, पण आहर पूर्णपणे जर्मनीतली, तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या हद्दीतली. शेवटचा मैल ज्याचा त्यालाच चालायचा असतो.

हे सगळं श्रीमंतांचं झालं. गरीब देशांचं काय?

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीकडे बघा. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये, साहेल भागातल्या भीषण दुष्काळात, एक संस्था उभी केली. गिनी २००६ मध्ये त्यात आला. यांनी पाणी वाटलं नाही, धरणच सामाईक केलं. मालीतलं मनांताली आणि समुद्राजवळचं दियामा ही धरणं कुठल्याही एका देशाच्या मालकीची नाहीत. ती सगळ्यांची आहेत, मग ती कुणाच्याही जमिनीवर असोत. कर्जही एकत्र, हमीही एकत्र. मनांतालीची वीज ठरलेल्या वाट्याने जाते: माली ५२, सेनेगल ३३, मॉरिटानिया १५ टक्के. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात रक्तपात झाला, सीमा बंद झाली, तरी ही संस्था मोडली नाही.

गुणगान इथेच थांबवतो. दियामामुळे खारं पाणी आत येणं थांबलं, तसं पाणवनस्पतींचं रान माजलं आणि गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झियाचा रोग वाढला. वीज राजधानीत पोचली, रोग काठावर राहिला.

वरचा देश बलाढ्य असेल तर?

मग मेकाँगसारखं होतं. कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम यांनी १९९५ मध्ये करार करून आयोग नेमला. सगळ्यांत वर चीन. तो सदस्य नाही, फक्त ‘संवाद भागीदार’ आहे. चीन २००२ पासून पावसाळ्यातली माहिती देऊ लागला, बारमाही माहिती २०२० पासून. अठरा वर्षं लागली. बलाढ्याकडून सवलत मागायची तर सुरुवात माहितीपासून करावी, पाण्यापासून नाही. माहिती द्यायला त्याला कमी जड जातं.

सिंधू करार आणि गंगा करार यांना या रांगेत कुठे बसवाल?

सिंधू करार १९६० मध्ये जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाला. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब प्रामुख्याने पाकिस्तानला. ही एकत्र कुटुंबाची व्यवस्था नव्हे, वाटणीपत्र आहे. घर दोन भागांत पाडलं, मध्ये भिंत घातली. म्हणूनच तो युद्धांतही टिकला आणि म्हणूनच त्यातून सहकार्य उगवलं नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला.

बांगलादेशाबरोबरचा गंगा करार १२ डिसेंबर १९९६ चा, मुदत तीस वर्षांची. जानेवारी ते मे, दर दहा दिवसांचा हिशोब. पश्चिम बंगालमधल्या फरक्का बंधाऱ्यापाशी ७०,००० क्युसेक किंवा कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. दोन्ही देशांचे अभियंते मिळून मोजतात. पण तो उन्हाळ्याच्या पाण्याचा करार आहे; पूर, गाळ, मासे, घाण यांतलं त्यात फारसं काही नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा आहे का?

आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९९७ चा करार २०१४ मध्ये अमलात आला. भारत त्यावरच्या मतदानात तटस्थ राहिला. शिवाय युरोपात सुरू झालेला १९९२ चा हेलसिंकी करार २०१६ पासून सगळ्या जगाला खुला झाला. दोन्हींचा गाभा सारखाच: न्याय्य वापर करा, शेजाऱ्याचं मोठं नुकसान टाळा, आधी सांगा.

मग कृष्णेचं घोडं कुठे अडलंय?

कृष्णा एकाच देशात आहे, त्यामुळे हे सोपं असायला हवं होतं. आपण आंतरराज्य नदीचं काम लवादाकडे दिलं. बच्छावत लवादाने २,०६० टीएमसी पाणी वाटलं: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये आणि पुढे २०१३ मध्ये निकाल दिला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याचा वाद त्यातलाच. लवाद वाटणी उत्तम करतो. पण पाऊस पडत असताना रात्री दोन वाजता कोयनेतून किती सोडायचं आणि त्याच वेळी अलमट्टीचा विसर्ग किती ठेवायचा, हे लवाद ठरवत नाही. ते त्याचं कामही नाही.

त्यासाठी कायदा १९५६ मध्येच झाला आहे, नदी मंडळ कायदा. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. २०१४ नंतर कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ आलं, पण ते आंध्र आणि तेलंगणापुरतं. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यात नाहीत.

आता अलमट्टीमुळे सांगली बुडते का, हा नेहमीचा वाद. २०१९ नंतर महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. काठावरच्या अनेकांना ते पटलेलं नाही, आजही नाही. इथे माझं म्हणणं वेगळं आहे. समिती एका राज्याने नेमली होती. तिचा निष्कर्ष कुठल्याही बाजूचा असता तरी दुसऱ्या बाजूने मानला नसता. धरणात अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागे कुठपर्यंत येतो, हे दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी एकाच मोजपट्टीवर, एकाच शून्यापासून, एकत्र उभं राहून मोजायला हवं. वाइल आम ऱ्हाईनसारखं. २०१९ नंतर संपर्क वाढला, २०२१ मध्ये मंत्री पातळीवर बैठकही झाली. पण तो संपर्क माणसांवर चालतो. अधिकारी बदलला की नव्याने ओळख.

आम्ही गोव्याचे. म्हादईला यातलं काय लागू?

तुम्ही इथले डच, सगळ्यांत खाली. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी दिले, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पण तिळारी विसरू नका. तो महाराष्ट्र आणि गोव्याचा सामाईक प्रकल्प. धरण सिंधुदुर्गात, पाण्याचा आणि खर्चाचा मोठा वाटा गोव्याचा. कालवे फुटल्याच्या तक्रारी होत असतात, तरी तो चालतो. सेनेगलला न जाताही सामाईक धरणाचा धडा दोडामार्गात मिळतो.

या पातळ्या मला स्वतःला बघता येतील का?

हो. केंद्रीय जल आयोग पुराचे अंदाज संकेतस्थळावर देतो, राज्याचं जलसंपदा खातं धरणांचे साठे आणि विसर्ग जाहीर करतं. पावसाळ्यात दोन्ही उघडून ठेवा आणि पुढे पाठवण्याआधी आकड्याशेजारची वेळ बघा. सकाळी आठचा आकडा दुपारी चारला फिरत असतो. जर्मनीच्या जलमार्ग खात्याच्या पानावर कौबची पातळी दर पंधरा मिनिटांनी बदलते, आणि ती सांगलीत बसूनही दिसते. मोजपट्टीचा शून्य कुठे आहे, तेही त्याच पानावर दिलेलं आहे.